यंत्रमागावरच्या वडिलांचे कान, आणि धाकट्या भावाचे

पत्राचा सारांश: इचलकरंजीहून २७ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. वडील ५२ वर्षांचे, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. विशीपासून ते यंत्रमागावर विणकर आहेत. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. गेल्या काही वर्षांत त्यांना नीट ऐकू येईनासं झालंय. टीव्ही गल्लीत ऐकू जाईल इतका मोठा लागतो, फोनवर बोलणं त्यांनी सोडूनच दिलंय, आणि आई घरात दिवसभर ओरडून बोलते. ताईंचं लग्न ठरतंय. बैठकीत मुलाकडच्या थोरल्यांनी विचारलं एक, अण्णांनी सांगितलं भलतंच, आणि दोघं-तिघं हसले. "मला लाज वाटली, आणि लाज वाटली याचीच नंतर जास्त लाज वाटली," असं ताई लिहितात. तेव्हापासून अण्णा म्हणतात, पुढच्या बोलण्याला मामांना न्या. कानाच्या मशीनचं नाव काढलं की उठून जातात. "कारखान्यात सगळ्यांचं असंच असतं, वय झालं की व्हायचंच." शेजारच्या काकूंनी कानात लसणाचं कोमट तेल सोडायला सांगितलंय. ताईंचे प्रश्न असे: या हट्टाचं काय करायचं? लग्नाआधी मशीन लावायला त्यांना कसं तयार करायचं? की आता कामच सोडायला लावायचं? शेवटी एक ओळ आहे: "धाकटा भाऊ दिवाळीपासून त्याच कारखान्यात जातोय, त्याला अजून काही त्रास नाही."

ताई,

तुमची ती शेवटची ओळ मी बऱ्याच वेळा वाचली. तिच्याकडे येते, पण आधी अण्णांबद्दल.

अण्णा म्हणतात, वय झालं की व्हायचंच. तुम्हीही पत्रात ते तसंच मान्य केलंय, आणि मला पहिल्यांदा तिथेच थांबवायचंय तुम्हाला. बावन्न हे कान जाण्याचं वय नाही. त्यांच्याच वयाचा, शेतात किंवा दुकानात आयुष्य काढलेला माणूस शेजारी बसवला तर तो फोनवर सहज बोलत असेल. अण्णांचे कान कामाने गेलेत. मागावर काम करताना धोट्याने (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या भागाने) बोट चेचलं तर आपण त्याला कामावरची इजा म्हणतो, दवाखान्यात नेतो, मालकाला कळवतो. ही इजा रोज थोडी थोडी झाली आणि रक्त आलं नाही, म्हणून तिला कुणी इजा म्हटलं नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू केला. म्हणजे शंभरावर वर्षं हे गाव मागाच्या आवाजात जगतंय, आणि "विणकर म्हटला की ऐकायला कमीच" हे तिथे पाऊसपाण्यासारखं गृहीत धरलं गेलंय.

आवाजाचा हिशोब मुद्दाम मांडते. कानांसाठी ८ तासांना ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज बऱ्यापैकी निभावतो असं जगभर धरलं जातं. आपल्याकडचा नियम ९० पर्यंत जातो. ८५ च्या पुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला पाव तास. साध्या धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये, वर पत्रा आणि चारी बाजूंना भिंती असताना, आवाज ९५ ते १०० च्या घरात सहज असतो. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत आदळतो, आणि असे आठ-दहा माग एका वेळी चालू असतात. जिथे पाव-अर्धा तास थांबावं, तिथे अण्णा बारा तास थांबले. तीस वर्षं.

आत काय होतं तेही सांगते, कारण त्यातून त्यांचं वागणं उलगडेल. कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात सुमारे १५ हजार अतिशय नाजूक पेशी असतात. ध्वनी त्यांच्यामार्फत कानाच्या नसेकडे पोहोचतो. सततच्या मोठ्या आवाजाने या पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सगळ्यात आधी मरतात त्या उंच, बारीक आवाज पकडणाऱ्या. म्हणून सुरुवातीला माणसाला स्वतःलाही कळत नाही. दार वाजलेलं ऐकू येतं, हाक ऐकू येते, ट्रकचा हॉर्न ऐकू येतो. जातात ते स, श, त, क, फ यांसारखे हलके, हवेचे आवाज. तुम्ही "सात" म्हणालात, "हात" म्हणालात किंवा "पात" म्हणालात, तरी अण्णांपर्यंत बहुतेक मधला "आ" तेवढा पोहोचतो. बाकीचं ते अंदाजाने भरतात. घरात दोघं बोलत असतील तर अंदाज बरोबर येतो. बैठकीत दहा माणसं, पंखा, बाहेर पोरांचा गलका, त्यात कपबश्या वाजतायत, तिथे अंदाज चुकतो. त्या दिवशी त्यांना प्रश्न अर्धवटच ऐकू आला, आणि पुन्हा विचारायला संकोच वाटला म्हणून त्यांनी उरलेलं मनाने जुळवलं. अशी माणसं "ऐकू येतं, पण कळत नाही" असं सांगतात. अण्णांना विचारून पाहा, बहुतेक हेच म्हणतील.

एवढं लक्षात घेतल्यावर "हट्ट" या शब्दाकडे पुन्हा बघू. जो माणूस तीस वर्षं शेडमध्ये खाणाखुणांनी आणि ओठांकडे बघून काम चालवतोय, त्याने बोलणं समजून घेण्याची स्वतःची एक पद्धत बसवलेली असते. इंग्लंडात लँकशायरच्या गिरण्यांमध्ये विणकर बायकांनी तर ओठांच्या हालचालींवर चालणारी बोलण्याची एक वेगळी रीतच घडवली होती. अण्णांकडेही हे कौशल्य आहे, आणि त्यावर त्यांनी इतकी वर्षं निभावून नेलंय. बैठकीत ते चारचौघांत अपुरं पडलं. त्यानंतर घरातली लेक मशीन लावा म्हणते. ताई, त्यांना त्यात तुमची काळजी ऐकू येत नसेल. "तुमच्यामुळे माझं लग्न अडेल" हे ऐकू येत असेल. तुम्ही असं म्हणाला नाहीत हे मला माहीत आहे. पण तुमच्या पत्रातही मशीन आणि लग्न एकाच वाक्यात येतात.

तेवढी गाठ सोडवा. लग्नाची तारीख डोळ्यांसमोर ठेवून मशीनचा आग्रह धरू नका. "मला तुमच्याशी पहिल्यासारखं बोलायचंय" हे खरं असेल, तर तेच सांगा. लाज वाटली त्याबद्दल स्वतःला फार टोचू नका. तुम्ही ती कबूल केलीत, आणि लगेच वडिलांच्या बाजूने विचार करायला बसलात.

मशीनच्या आधी तपासणी हवी. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. गावात आयजीएम रुग्णालय आहे, कोल्हापुरात सीपीआर आहे. डॉक्टर आधी कानात बघतील. मळ घट्ट बसलेला असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर त्यानेही ऐकू कमी येतं आणि ते बऱ्याच अंशी बरं करता येतं. तेलाचं उत्तर इथेच देते: तपासणीआधी कानात काही घालू नका. पडद्याला भोक असलं तर तेल थेट आत जाऊन संसर्ग होतो, आणि मेलेल्या पेशींना तेलाने काहीही फरक पडत नाही. काकूंना दुखवायची गरज नाही, "डॉक्टरांनी नको म्हटलंय" एवढं पुरे.

मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची आलेख काढून होणारी तपासणी. दुखत नाही, अर्ध्या तासात होते. एक गोष्ट मात्र पाळा: पाळीवरून सुटून थेट तपासणीला नेऊ नका. आवाजात बारा तास काढलेला कान तात्पुरता आणखी मंद झालेला असतो, आणि आलेख खरा असतो त्याहून वाईट येतो. किमान सोळा तास शेडपासून दूर गेलेले असावेत. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जाण्याआधी जमलं तर उत्तम. डॉक्टरांना काम, वर्षं आणि पाळीचे तास स्पष्ट सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. कानात शिट्टीसारखा किंवा रातकिड्यांसारखा आवाज येतो का, तेही विचारा. पुष्कळ विणकरांना येतो आणि ते बोलत नाहीत, पण रात्री त्याने झोप लागत नाही, आणि मग चिडचिड होते. ती चिडचिड आपण स्वभावाच्या खात्यात टाकतो.

दोन गोष्टी दिसल्या तर मात्र वाट पाहू नका. एकाच कानाचं ऐकणं दुसऱ्यापेक्षा खूप कमी असेल, किंवा एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येणं बंद झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मागाचा आवाज साधारण दोन्ही कान सारखेच आणि हळूहळू नेतो. हे काहीतरी वेगळं असतं, आणि अचानक गेलेल्या ऐकण्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार झाले तर उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.

आता मशीन. त्याची किंमत काही हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. महाग तेच चांगलं असं नाही. आलेखाप्रमाणे प्रत्येक आवाजाची पातळी जुळवून देणारा श्रवणतज्ज्ञ जास्त महत्त्वाचा. जाहिरात बघून किंवा औषधाच्या दुकानातून सरसकट आवाज वाढवणारं यंत्र आणू नका. अण्णांना मोठे आवाज आधीच ऐकू येतात, असं यंत्र तेच आणखी वाढवतं, डोकं दुखतं, आणि मशीन कायमचं कपाटात जातं. चांगलं मशीनसुद्धा पहिल्या दिवसापासून गोड वाटत नाही. पिशवीची कुरकुर, भांड्यांचा खणखणाट, स्वतःचाच आवाज, सगळं बोचतं. घरात रोज एक-दोन तासांपासून सुरुवात करून वाढवत न्यायचं असतं, आणि सरावायला महिना-दोन महिने जातात. म्हणून लग्नाच्या आदल्या आठवड्यात मशीन लावणं ही वाईट कल्पना आहे. आता वेळ असेल तर सुरू करा, नसेल तर लग्नानंतर निवांत करा.

आणि मशीन लावून त्यांनी शेडमध्ये जायचं नाही. हे ठळक सांगते, कारण घरोघरी ही चूक होते. मशीन आवाज वाढवतं, आणि शेडमध्ये वाढवायला आधीच पुरेसा आवाज आहे. कामावर जाताना मशीन डबीत, घरी आल्यावर कानात.

पैशांचं थोडक्यात. अण्णांना ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजना, लागू असेल तर तपासणीपासून मशीनपर्यंत आधी तिथेच विचारा. महिना २१ हजारांपर्यंत पगार आणि दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी ही योजना लागू होते, कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. दुसरा मार्ग केंद्र सरकारच्या एडिप योजनेचा, त्यातून श्रवणयंत्र मिळतं. त्याला उत्पन्नाची अट आहे आणि किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. आवाजाने झालेल्या बहिरेपणात खालच्या पट्टीतले, जाड आवाज शाबूत असतात, म्हणून टक्केवारी तिथवर भरेलच असं नाही. अर्ज जरूर करा, पण त्याच्यावर सगळं टांगून ठेवू नका.

"काम सोडायला लावू का" हा प्रश्न तुम्ही विचारलात, त्यामागची माया कळते. पण ५२ व्या वर्षी, पिकावर (कापडात विणलेल्या आडव्या धाग्यांवर) मजुरी मोजली जाणाऱ्या माणसाला घरच्यांनी घरी बसवलं, तर त्याचं ऐकणं परत येत नाही, आणि हाताचं काम मात्र जातं. आवाजाने होणारं नुकसान पहिल्या दहा-पंधरा वर्षांत सगळ्यात जास्त होतं, नंतर त्याचा वेग कमी होतो. थांबत मात्र नाही. आता ते रोजच्या बोलण्याच्या आवाजांकडे सरकतंय. म्हणून त्यांना आवाज कमी असलेल्या कामाकडे सरकता येईल का, हे त्यांच्याशी बोला: कापडाची घडी, तपासणी, गोदाम. किंवा बाराऐवजी आठ तास. मजुरी कमी होईल, तेव्हा घरात कोण किती भर घालणार हे आधी ठरवा आणि मगच बोला. नुसतं "सोडा आता" म्हणणं सोपं आहे. निर्णय त्यांचाच राहू दे.

घरात आजपासून करता येण्यासारखंही बरंच आहे, आणि ते आईंना आधी सांगा. ओरडू नका. ओरडल्यावर स्वर मोठे होतात, हरवलेली व्यंजनं तशीच हरवलेली राहतात, शिवाय ऐकणाऱ्याला ते रागावणंच वाटतं. त्यांच्या समोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या, खांद्याला हात लावून मग बोला. टीव्ही बंद करा. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य चार वेळा म्हणू नका, शब्द बदला. आकडे, तारखा, गावांची नावं त्यांच्याकडून परत वदवून घ्या. आणि "जाऊ द्या, काही नाही" हे घरातून हद्दपार करा. ऐकू न येणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त लागतं ते हेच, कारण त्यातून कळतं की आपल्याला सांगण्याची आता कुणाला गरज वाटत नाही.

लग्नाचं म्हणाल तर मामांना पुढे करून अण्णांना मागे बसवू नका. सासरच्यांना तुम्ही स्वतः, किंवा तुमच्या होणाऱ्या नवऱ्याने सरळ सांगावं: "अण्णांनी तीस वर्षं मागावर काम केलंय, त्यामुळे कान अधू आहेत. समोर बसून सावकाश बोललं की सगळं कळतं." कोल्हापूर जिल्ह्यातली माणसं आहेत, मागाचा आवाज त्यांनाही माहीत असेल. बोलणी दोन-तीन माणसांत, शांत खोलीत करा. ठरलेलं एका कागदावर लिहा आणि तो अण्णांच्या हातात द्या. कार्यात त्यांची खुर्ची स्पीकरपासून लांब ठेवा. हळू ऐकू येत नाही आणि मोठं सहन होत नाही, हे दोन्ही अशा कानांत एकत्र असतं. त्यांच्याजवळ एक माणूस असा ठेवा की जो न विचारता काय चाललंय ते त्यांना सांगत राहील.

आता तुमचा भाऊ.

ताई, माझ्या मते तुमच्या पत्रातला तातडीचा प्रश्न त्याचा आहे. अण्णांचं जे गेलं ते परत आणता येत नाही, भावाचं अजून वाचवता येतं. आणि आत्ता सांगितलं तसं, पहिलीच वर्षं सगळ्यात जास्त खाऊन जातात. "त्याला अजून काही त्रास नाही" याचा अर्थ नुकसान होत नाही असा नाही, ते अजून बोलण्यापर्यंत पोहोचलेलं नाही एवढाच. त्याला विचारा: पाळी सुटल्यावर तासभर कान बधिर वाटतात का? कानात गुंई वाजतं का? घरी आल्यावर मोबाइलचा आवाज नेहमीपेक्षा वाढवावा लागतो का? एकालाही हो म्हणाला, तर त्याचे कान रोज मार खातायत.

कापसाचा बोळा पुष्कळजण घालतात. त्याने मन शांत होतं, आवाज फारसा कमी होत नाही. फोमचे इअरप्लग मिळतात, जोडी दहा-वीस रुपयांच्या आसपास, सुरक्षा साहित्याच्या दुकानात किंवा ऑनलाइन. नीट घातले तर रोजच्या वापरात दहा ते वीस डेसिबल कमी होतात, आणि वरच्या हिशोबात दर तीन डेसिबलला वेळ दुप्पट होतो हे आठवा. "नीट" हे महत्त्वाचं: हात स्वच्छ धुवून प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. बाहेर अर्धा लोंबत असेल तर तो शोभेचा आहे. मळले की बदलायचे. कान वाहत असेल किंवा खाजत असेल तर प्लग न घालता कानावर बसणारे मफ वापरायचे, उन्हाळ्यात घामाने त्रास होतो तरी.

तो म्हणेल, मागाचा आवाज कळला नाही तर सूत तुटलेलं कसं कळणार? चांगल्या कानाच्या माणसाला प्लग घालूनही मागाचा ठेका कळतो, फक्त तो सौम्य होतो, आणि चार-आठ दिवसांत सवय होते. दुसरं म्हणेल, पोरं हसतील. हसतील. पण हसणाऱ्यांपैकी एखाद्याला दुसरी जोडी देऊन पाहा म्हणावं.

कारखान्याच्या मालकाशीही बोलायला हवं, आणि तिथे सूर भांडणाचा नको. इचलकरंजीतले खूपसे कारखाने थोड्या मागांचे आहेत. मालक खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचं मजुरीने, कापड विणून देणारा असतो, दिवसभर त्याच शेडमध्ये वावरतो, त्याचेही कान तितकेच गेलेले असतात. आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत होता, त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही आहे. पण कामगारांची संख्या कमी म्हणून असे कारखाने बऱ्याचदा या कायद्यांच्या बाहेर राहतात. म्हणून माणसांनीच एकमेकांना धरून काही करायचंय. पिकर (धोट्याला ठोकर देणारा भाग) झिजलेला असेल, नट सैल असतील, तेलपाणी वेळेवर होत नसेल तर माग जास्त आदळतो, हे जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, चांगलं ठाऊक असतं. एक पेटी प्लग कारखान्यात ठेवायला फार खर्च नाही. कामगार संघटनेच्या ओळखीने एखाद्या रुग्णालयाचं श्रवण तपासणी शिबिर वसाहतीत घेता आलं तर तुमच्यासारखी पुष्कळ घरं त्यात येतील. माग ज्यांच्या घराखालीच चालतात त्या बायकांची तपासणीही त्यातच करा, त्यांना कुणी कामगार म्हणत नाही, पण आवाज त्याही दिवसभर ऐकतात.

आणि अण्णांना तपासणीला कसं न्यायचं, हा तुमचा मूळ प्रश्न. भावाचं नाव लावून न्या. "पोराचे कान तपासून घ्यायचेत, तुम्ही बरोबर चला, तुमचं बघून डॉक्टरांना कळेल पुढे काय होतं ते," असं सांगा. हे खोटं नाही. भावाच्या तपासणीची खरंच गरज आहे: आजचा आलेख हाताशी असला, तर पुढच्या वर्षी किती उतरलं ते मोजता येईल, आणि तेव्हा प्लग चालतायत की काम बदलायचं हे अंदाजावर ठरवावं लागणार नाही. त्या दिवशी दोघांचे आलेख शेजारी ठेवून डॉक्टरांना समजावून सांगायला लावा. मशीनचा विषय तुम्ही काढू नका. डॉक्टर काढतील, आणि नाही काढला तर अण्णा स्वतः विचारतात का ते पाहा. दोन्ही आलेखांच्या झेरॉक्स काढून फाइलला लावा. ईएसआय, प्रमाणपत्र, मशीन, कशाहीसाठी पुढे पहिल्यांदा तेच मागतील.